सरासरी सहा हात

"म्याडम, टॅब डोंग्यात नेऊ का जी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. विचारणारी आचल नान्हे होती, आणि ती आपणहून उभी राहून काही विचारतेय हे वर्षभरात पहिल्यांदाच घडत होतं. एरवी ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. नाव पुकारलं की उभी राहायची आणि 'बस' म्हटलं की बसायची.

"डोंग्यात कशाला? पाण्यात पडला तर मासे शिकणार का त्याच्यावर?"

"नाही पडत जी. मी पन्नीत बांधतो, गळ्यात घालतो."

"'बांधतो' काय? मुलगी ना तू? 'बांधते' म्हण."

"हो जी," ती म्हणाली. "बांधतो."

वर्ग पुन्हा हसला. मी कपाळाला हात लावला आणि टॅब तिच्या हातात दिला.

मोहरटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा मी सहावी-सातवीला गणित शिकवत होते. माहेर नागपूरचं. वडील प्राध्यापक. आपलं मराठी स्वच्छ आहे याचा मला भारी तोरा होता. तलावांच्या त्या मुलखात 'शाळे'ची 'शारा' व्हायची, 'डोळ्यां'चे 'डोरे' व्हायचे आणि बायाही 'मी जातो, मी करतो' म्हणायच्या. मी पाच वर्षं तिथे होते आणि पाचही वर्षं हे सगळं दुरुस्त करत होते. कोणाचंही काही दुरुस्त झालं नाही, पण मुलं माझ्यासमोर बोलायला बिचकू लागली. मला वाटायचं, ही शिस्त आली.

त्या वर्षी शाळेला जिल्ह्यातून सहा टॅब मिळाले. आजूबाजूच्या शाळांत टॅबवर कविता लावायचे, पाढे लावायचे. मुलं बघत बसायची आणि गुरुजी तेवढा वेळ कागद रंगवायचे. मी म्हटलं, आपण असं करायचं नाही. माझ्या सातवीत बाराच मुलं होती. दोघांत एक टॅब. प्रत्येक जोडीने गणितातली एक कल्पना निवडायची, तिच्यासाठी गावातली एखादी गोष्ट स्वतः मोजायची आणि पाच मिनिटांची फिल्म करायची. जे समजलं ते करून दाखवायचं. पुस्तकातलं वाचून दाखवलेलं चालणार नव्हतं. कल्पना माझी होती आणि चांगली होती. एवढं श्रेय मी आजही घेते.

आचलची जोडी गार्गीशी होती. गार्गी ग्रामसेवकांची मुलगी, तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून दोन वर्षांपूर्वी आलेली. खणखणीत आवाज, अक्षर मोत्यासारखं. तिला पाण्याची भीती वाटायची, त्यामुळे डोंग्यात चढायचा प्रश्नच नव्हता. आचल ढिवराची मुलगी. तिचे वडील सुखदेव नान्हे तलावात मासेमारी करायचे. दोघींनी 'सरासरी' हा विषय घेतला. खरं म्हणजे आचलनेच घेतला. गार्गी 'चालेल' म्हणाली.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला तालुक्याला जायचं, आणि मुलींना तिथल्या वसतिगृहात राहावं लागायचं. त्यासाठी फेब्रुवारीपासूनच पालकांकडून संमतीचे कागद भरून घ्यायचे होते. बाकी सगळे पालक येऊन गेले. सुखदेवभाऊ निरोप देऊनही येईनात. शेवटी एका दुपारी आले. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. ते व्हरांड्याबाहेरच उभे राहिले.

"आत या ना, सुखदेवभाऊ."

"नाही जी, फरशी खराब होईन."

मी कागद आणि शाईचा पॅड बाहेर घेऊन गेले. ते अंगठा देत, हे मला माहीत होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"एक बोलू का जी? रागावू नका. सात वर्सं पोरगी शारेत आली. काय शिकली, मले काही समजलं नाही. सालाच्या शेवटी कागद आनते. त्याच्यावर तुम्ही लाल शाईनं लिवता. मी कोनाले वाचाले लावलं तं थो म्हनते, 'जेमतेम'. आता जेमतेमसाठी टुरीले गावाबाहेर ठेवू का जी? घरी हातभार तरी लावते."

"तिला खूप येतं," मी म्हटलं. हे वाक्य मी सगळ्याच पालकांना म्हणायचे.

त्यांनी ते अगदी खरं धरलं. "मंग एक डाव दाखवा ना जी. तिले काय येते थे मी माह्या डोऱ्यानं पाहीन, कानानं आयकीन. मंग अंगठा देतो. तिची माय बी म्हनते, पोरीत दम असन तं पाठवू."

"एप्रिलच्या पालकसभेला या. तिची फिल्म दाखवणार आहे मी."

"तिची म्हंजे? तिनं केलेली?"

"तिनंच केलेली."

"मंग येतो जी," ते म्हणाले. संमतीचा कागद कोराच राहिला. तो मी कपाटात ठेवला.

मार्चच्या मध्यावर आचलने टॅब आणून दिला. शाळा सुटली होती. मी एकटीच ऑफिसात बसून तिची फिल्म लावली.

पहिलं अर्धं मिनिट तर काही कळेचना. चित्र हलत होतं. डोंग्यात तळाशी पाणी साचलेलं, वल्हं मारणाऱ्या सुखदेवभाऊंची उघडी पाठ, वाऱ्याचा घरघराट. मग आचलचा आवाज आला. वर्गात कधी न ऐकलेला. मोठा, सावकाश.

"हा आमचा तलाव. इथी दहा जागी मी दोर सोडला. दोराले हाता-हातावर गाठी हायेत. माहा हात चारीस सेंटिमीटरचा हाय, शारेच्या पट्टीवर मोजला. बांधापाशी सात हात पानी. गेटापाशी नऊ. मंदराकडं तीनच. अना आंब्याकडं अकरा हात. बाबा म्हने का मधात खोल असन. नाही. आंब्याकडं खोल हाय."

मग तिने वहीचं पान टॅबसमोर धरलं. त्यावर दहा जागांचे दहा आकडे आणि दहा स्तंभ, पट्टीने आखलेले. बेरीज साठ. भागिले दहा. सहा. इथवर ठीक होतं, वर्गात मी हेच शिकवलं होतं. पण ती पुढे बोलतच राहिली.

"आता सहा म्हंजे काय? सहा हात पानी तं एकाच जागी हाय. मंग सहा कशाले म्हनाचं? तं असं समजा. कोठी गड्डा हाय, कोठी उंच हाय. आपन साऱ्या तलावाचा तळ सारखा केला. उंचवट्याची माती काढली, गड्ड्यात भरली. पानी तेवढंच ठेवलं. तं साऱ्याकडं पानी किती राहीन? सहा हात. थे सरासरी."

मी टॅब थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकलं.

सोळा वर्षं मी सरासरी शिकवत होते. बेरीज करा, संख्येने भागा. ती म्हणजे नेमकं काय, हे मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही असं कधी दिसलं नव्हतं. परीक्षेत शंभरातले चाळीस मिळवणाऱ्या मुलीला ते पाण्यावर बसून दिसलं होतं.

फिल्म संपायला मिनिटभर उरलं होतं. "मांगच्या इतवारी सहा होती, आता साडेपाच झाली. तीन हातावर आली का मासोरी काढा लागते. नाही तं गरम पान्यात मरते. म्हून दर इतवारी मोजाचं." मागून सुखदेवभाऊंचा आवाज आला, "झालं का तुहं? चाल, परतू." आणि फिल्म संपली. आपली पोरगी काय मोजतेय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. त्यांनी फक्त डोंगा वल्हवला होता.

मला त्या दिवशी फार आनंद झाला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आईला नागपूरला फोन करून सांगितलं. तिथेच थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

आठवड्याभराने मुख्याध्यापक कापगते सरांनी बातमी आणली. पालकसभेला विस्तार अधिकारी साहेब येणार होते. टॅबवर काय काम चाललंय ते बघून एका शाळेची फिल्म जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडणार होते.

"आपली निवड झालीच पाहिजे मॅडम. चांगलं काही आहे ना?"

मी मोठ्या उत्साहाने त्यांना आचलची फिल्म लावून दिली. सरांनी ती दीड मिनिट पाहिली.

"हे?" ते म्हणाले. "डोंग्यात पाणी, बाप उघडा, आणि पोरीचं बोलणं तर बापरे! साहेब म्हणतील, सात वर्षांत पोरीला धड मराठीही शिकवलं नाही. मॅडम, तुमच्यासारखी शिक्षिका असून?"

कापगते सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हावं असा मोह मला पुष्कळदा झाला आहे. पण ते बोलले ते माझ्या मनात पहिल्या अर्ध्या मिनिटातच येऊन गेलं होतं. त्या 'इथी-तिथी'ने मी खुर्चीत चुळबुळले होते. सरांनी ते फक्त तोंडावर म्हटलं आणि 'तुमच्यासारखी' हा शब्द मला नेमका लागला.

"थोडं साफ करते," मी म्हटलं.

साफ करायला बसले आणि हात थांबेना. आधी वाऱ्याचा आवाज काढायचा होता. तो काढला तर आचलचाही आवाज जात होता. मग गार्गीकडून वाचून घ्यायचं ठरवलं. वाचायला लिहून द्यावं लागलं, आणि लिहायला मी बसले म्हटल्यावर ते शुद्धच झालं. 'हात' जाऊन मीटर आले. हलती दृश्यं डोळ्यांना त्रास देत होती, म्हणून इंटरनेटवरून एका सुंदर तलावाची दृश्यं घेतली. कमळं होती, मागे निळे डोंगर होते. आमच्याकडे कमळं होती, पण डोंगर काही नव्हते. खाली बासरीचं संगीत टाकलं. वहीच्या पानाऐवजी रंगीत स्तंभालेख केला, तो तर फारच देखणा झाला.

रेकॉर्डिंगला मी दोघींना बसवलं. गार्गी कागद वाचून थबकली.

"मॅडम, पण हे आचलने केलंय ना सगळं?"

"नाव तिचंच टाकणार आहे मी. मोठ्या अक्षरात." मग आचलकडे वळले. "तुझा आवाज वाऱ्यामुळे नीट आला नाही गं. गार्गी वाचेल. चालेल ना?"

"चालते जी," आचल म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार होती?

गार्गीने एका दमात वाचलं. "सरासरी म्हणजे सर्व संख्यांची बेरीज भागिले एकूण संख्या." उच्चार असे की रेडिओवर शोभावेत.

आचल ऐकत होती. झाल्यावर हळूच म्हणाली, "म्याडम, थे तळाचं? माती काढून गड्ड्यात भरली थे?"

"ते पुस्तकात नाही गं," मी म्हटलं. माझं लक्ष टॅबमध्ये होतं. 'जागा शिल्लक नाही' अशी सूचना सारखी येत होती, आणि डोंगरांची दृश्यं पूर्ण उतरत नव्हती. मी जुन्या फाइल निवडल्या आणि पुसून टाकल्या. त्यांत आचलची मूळ फिल्म होती. मला ते माहीत होतं. नवी इतकी चांगली झाली होती की जुनी कोणाला कधी लागेल असं वाटलंच नाही.

पालकसभेला व्हरांडा भरून गेला. साहेब पुढच्या खुर्चीवर बसले, शेजारी सरपंच. सुखदेवभाऊ वेळेच्या आधी आले होते. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल लावून भांग पाडलेला. सोबत आचलची आई होती. दोघं मुलांच्या मागे, सतरंजीच्या कडेला बसले. मला पाहून त्यांनी हात जोडले. कपाटातला तो कोरा कागद मी आधीच काढून टेबलावर ठेवला होता. फिल्म झाली की लगेच अंगठा घेऊ, असं मनात होतं.

फिल्म लागली. बासरी वाजली. कमळं आली, डोंगर आले. गार्गीचा आवाज व्हरांडाभर घुमला. साहेब मान डोलवत होते, आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते. पाच मिनिटांत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'संकल्पना व मोजमाप – कु. आचल सुखदेव नान्हे'. टाळ्या पडल्या.

"वा! अप्रतिम," साहेब म्हणाले. "ग्रामीण भागात इतकं दर्जेदार काम! मॅडम, ही फिल्म आपण जिल्ह्याला पाठवू."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, एक विचारू का जी?"

सुखदेवभाऊ उभे राहिले होते.

"विचारा, विचारा."

"याच्यात आमची आचल कोठी हाय जी?"

कापगते सर हसले. "अहो, आताच तर नाव आलं ना शेवटी. केवढ्या मोठ्या अक्षरात!"

"मले वाचता येत नाही जी," सुखदेवभाऊ म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "आवाज तिचा नाही, येवढं समजलं. तलाव बी आपला नाही. म्हून इचारलं."

हा माणूस अंगठा देतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. शाईचा पॅड मी स्वतः त्याच्यापुढे धरला होता. आणि मी त्याच्या मुलीचं सगळं श्रेय अक्षरांत मांडून ठेवलं होतं.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सांगा ना त्यांना. या मुलीने यात काय केलं?"

उत्तर एका शब्दाचं होतं. सगळं. सगळं तिनेच केलं साहेब, आणि मी ते काढून टाकलं. मोजणं तिचं, दोर तिचा, दहा जागा तिच्या, आणि सरासरीचा अर्थ मला तिने शिकवला. आचल मुलांच्या मागच्या रांगेत होती. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिच्या शेजारी गार्गीने मान खाली घातली होती. माझ्यासमोर साहेब, जिल्ह्याचं प्रदर्शन आणि सरपंच.

"ती गटात होती सर," मी म्हटलं. "मोजमापात तिने मदत केली."

"छान, छान," साहेब म्हणाले. "गटकार्य महत्त्वाचं."

सुखदेवभाऊंनी मान हलवली आणि ते खाली बसले. पुढे तिसरीच्या मुलांचं नाच-गाणं झालं. चहा झाला. मी टेबलापाशी आले तेव्हा नान्हे नवरा-बायको निघून गेले होते, आचललाही घेऊन. कागद तसाच पडला होता.

त्यानंतर चार दिवस मी स्वतःची समजूत काढली. शाळेत आचल येत होती, शेवटच्या रांगेत बसत होती. विचारलं तर 'हो जी' म्हणत होती. पाचव्या दिवशी मला राहवेना. संमतीचे कागद तालुक्याला पाठवायची मुदत जवळ आली होती. तो कागद आणि पॅड पर्समध्ये टाकून मी संध्याकाळी तिच्या घरी गेले.

सुखदेवभाऊ अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी लगबगीने खाट टाकली, आचलच्या आईने पाणी आणलं. रागाचं नावही नव्हतं. राग असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"सुखदेवभाऊ, तो कागद घेऊन आले होते."

"राहू द्या जी म्याडम," ते म्हणाले. "मी आलो होतो ना पाहाले. तुम्ही सांगतलं, मदत केली. मदत तं थे घरी बी करते."

"नाही हो. तिने मदत नाही केली. सगळं तिनेच केलं होतं."

त्यांचे हात थांबले. "मंग साहेबापुढं असं काहून सांगतलं जी?"

"चुकलं माझं," मी म्हटलं.

हे शब्द मी त्या गावात पहिल्यांदाच उच्चारले असतील. त्यांचा काही उपयोग झाला नाही. मास्तरीण बाई चुकते हे त्यांना खरंच वाटलं नाही. त्यांना वाटलं, मी पोरीचं मन राखायला आले आहे.

"बरं मंग," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "तिची जे असन थे दाखवा. मी आता पाहतो. आता बी अंगठा देतो."

"ती... पुसली गेली."

"पुसली गेली?"

"टॅबमध्ये जागा नव्हती."

ते जाळ्याच्या गाठी बघत राहिले. मी घाईघाईने म्हटलं, "पण फिल्म कशाला पाहिजे? आचल आहे ना! तीच सांगेल. आचल, ये गं बाहेर."

आचल दारात आली. हाताला पीठ लागलं होतं.

"बाळा, सरासरी म्हणजे काय ते बाबांना सांग. आपल्या तलावाची."

ती ताठ उभी राहिली. हात मागे घेतले. आणि समोर बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सरासरी म्हणजे सर्व संख्यांची बेरीज भागिले एकूण संख्या."

अगदी गार्गीसारखं. 'ण' आणि 'व'सुद्धा स्वच्छ. पाच वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं.

सुखदेवभाऊंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, हे उघड होतं.

"हे नाही गं," मी म्हटलं. "तुझं सांग. दोर, गाठी. तळ सारखा केला तर... माती काढून गड्ड्यात भरली... ते सांग ना. तू डोंग्यात सांगितलं होतंस तसं."

"थे चूक होतं ना जी."

"नाही, नाही आचल. ते चूक नव्हतं. ते बरोबर होतं. पुस्तकापेक्षा जास्त बरोबर होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या सरळपणे मला कोणत्याच विद्यार्थ्याने काही विचारलं नसेल.

"मंग काहून काढलं जी?"

तुझ्या बोलण्याची मला लाज वाटली, हे खरं उत्तर होतं. तेवढं बोलले असते तर कदाचित ती हसलीही असती, कदाचित रडली असती, पण तिला कळलं असतं की खोट तिच्यात नव्हती.

"चांगलं दिसावं म्हणून," मी म्हटलं.

"हो जी," ती म्हणाली, आणि भाकरी करपतील म्हणून आत गेली.

सुखदेवभाऊंनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कागद मी पर्समधून बाहेर काढलाच नाही.

जूनमध्ये मोहरटोल्यातून अकरा मुलं आठवीला तालुक्याला गेली. आचल गेली नाही. फिल्मला जिल्ह्यात दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर शाळेचं आणि माझं नाव होतं. त्याच प्रमाणपत्रामुळे पुढे मला प्रशिक्षणाच्या कामावर घेतलं. गेली आठ वर्षं मी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून शिक्षकांना सांगते की टॅब मुलांच्या हातात द्या, त्यांना करू द्या, जे करतील ते त्यांच्याच आवाजात राहू द्या. शिक्षक माना डोलवतात, वहीत लिहून घेतात. सरासरीचं उदाहरण मी तलावाचं देते आणि ते सगळ्यांना आवडतं. 'हे तुम्हाला कसं सुचलं मॅडम?' असं कोणीतरी दरवेळी विचारतं.

मी पुढची स्लाइड लावते.